मास्तरांनी फक्त वर्गातच बोलावं?

वसईत हरित पट्ट्याचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं. मास्तरांनी वर्गात शिकवावं, फादरांनी चर्च सांभाळावं आणि शहर कसं वाढवायचं ते ज्यांना कळतं त्यांच्यावर सोडावं. नाक्यावर हे ऐकू येतं, लग्नाच्या मांडवात येतं, निवडणुकीच्या सभेत तर येतंच. असं बोलणारे सगळे बिल्डरांचे हस्तक नसतात. टँकरची वाट पाहून वैतागलेला, विरार लोकलच्या दारात रोज जीव मुठीत धरून उभा राहणारा माणूसही असंच बोलतो. म्हणून या म्हणण्याला नीट उत्तर द्यायला हवं. आजवर आपण ते टाळत आलो आहोत.

ज्या मास्तरांविषयी हे बोललं जातं त्यांत पहिलं नाव प्रा. मार्कुस डाबरे यांचं. 1980च्या दशकाच्या अखेरीस राज्य सरकारनं वसई-विरार पट्ट्यातली हरित जमीन मोठ्या प्रमाणावर इमारतींसाठी मोकळी करण्याचं पाऊल उचललं आणि 1990 साली सिडकोला या भागाचं विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं. तेव्हा हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्या चळवळीचा चेहरा होते. 'सुवार्ता' मासिकाचे संपादक, पुढे 2020च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, जुलै 2024मध्ये आपल्यातून गेलेले. त्यांच्या खांद्याला खांदा लावून प्रा. डाबरे उभे होते. ते दिवस कसे होते याची आज तिशीत असलेल्या वसईकराला कल्पना येणार नाही. 1989च्या ऑक्टोबरमध्ये नालासोपारा स्थानकाच्या फलाटावर एका बिल्डरला गोळ्या घालून मारलं गेलं होतं. जमिनीचा व्यवहार म्हटला की लोक आवाज खाली आणून बोलत. अशा वेळी एका धर्मगुरूनं आणि एका प्राध्यापकानं जाहीर सभेत उभं राहून जमीन, पाणी आणि गुंडगिरी हे तीन शब्द एका दमात उच्चारले. त्यांना वर्गात परत जा म्हणणाऱ्यांनी आधी एवढं सांगावं की त्या वेळी दुसरं कोण बोलायला तयार होतं?

शिक्षकाचं काम कोणतं, हा प्रश्न कायद्यानं कधीच निकालात काढला आहे. संविधानाच्या 51-क कलमात वनं, सरोवरं, नद्या आणि वन्यजीव यांचं रक्षण करणं हे प्रत्येक नागरिकाचं मूलभूत कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे. 1976च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीपासून ते तिथे आहे आणि त्यातून शिक्षकाला सूट दिलेली नाही. 1991 साली एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करायला सांगितलं. म्हणजे राज्यघटना म्हणते रक्षण करा, सर्वोच्च न्यायालय म्हणतं मुलांना हे शिकवा. मग जो शिक्षक सकाळी फळ्यावर पाणथळ जागेची आकृती काढतो, त्यानं संध्याकाळी आपल्याच गावातल्या पाणथळ जागेत डंपर रिकामा होताना तोंड फिरवून निघून जावं अशी अपेक्षा कोणत्या तोंडानं करायची? मुलं पाहत असतात. धड्यात एक आणि गावात दुसरं असं वागणाऱ्या मास्तरांचा विषय मुलं गुणांपुरता वाचतात आणि परीक्षेनंतर विसरतात.

शिक्षकानं निसर्गासाठी उभं राहणं ही वसईची खास खोडही नाही. केरळच्या सायलेंट व्हॅलीतलं जंगल धरणाखाली जाणार होतं. त्याच्या बाजूनं सगळ्यात आधी आणि सगळ्यात चिकाटीनं लिहिणाऱ्यांत एम. के. प्रसाद हे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. 1984 साली ते जंगल राष्ट्रीय उद्यान झालं. नैरोबी शहराच्या मधोमध असलेल्या उहुरू पार्कात 1989 साली केनियाच्या सरकारला साठ मजली टॉवर बांधायचा होता. त्याला आव्हान दिलं वांगारी माथाई यांनी. त्या पूर्वी नैरोबी विद्यापीठात शरीररचनाशास्त्र शिकवत असत. संसदेत त्यांची टिंगल झाली, पण टॉवर झाला नाही, पार्क मात्र आजही आहे.

पण 'मास्तरांनी शिकवावं' या वाक्यामागे आणखी एक समज दडलेला आहे. आंदोलन म्हणजे घोषणा, मोर्चा, वाहतूक अडवणं, असा तो समज. मोर्चे निघाले, हे खरं. पण हरित वसईचं खरं काम कागदावर झालं, आणि कागदाचं काम कसं असतं ते जवळून पाहिलेल्यांनाच ठाऊक.

आराखड्यावर हरकत घ्यायची म्हणजे आधी नकाशा मिळवायचा. तो ज्या कार्यालयात लावलेला असतो तिथे कामाच्या वेळेतच जावं लागतं. नकाशावर गावाचं नाव असतं, पण रस्ता दाखवणारी रेघ नेमकी कोणत्या सर्वे नंबरातून जाते ते डोळे बारीक करून शोधावं लागतं. मग सातबारा, फेरफार, गावनकाशा. मग अर्ज, अर्जाच्या तीन प्रती, एका प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख. तारीख नसेल तर सुनावणीच्या दिवशी 'तुमची हरकत मुदतीत आलेली नाही' हे ऐकावं लागतं. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966चा आहे आणि हरकती-सूचना मागवणं हे त्यात सरकारवर बंधनकारक आहे. शहरातलं झाड तोडायचं तर 1975च्या वृक्ष जतन कायद्याखाली नोटीस लावून सात दिवसांत हरकती मागवाव्या लागतात. हे सात दिवस मोजणारा कुणीतरी लागतो. खोडावर चिकटवलेला तो कागद पावसात भिजून गळून पडायच्या आत कुणीतरी वाचावा लागतो. गावात वाचण्याची, लिहिण्याची आणि मुदत पाळण्याची सवय कोणाला असते? उत्तर तुम्हाला माहीत आहे. 2016 ते 2036च्या मुंबई महानगर प्रादेशिक आराखड्याचा मसुदा आला तेव्हा वसईतून हजारो हरकती गेल्या. त्या कुणी लिहून घेतल्या, कुणी गावोगाव नेऊन सह्या घेतल्या, कुणी वयस्कर शेतकऱ्याला त्यातला इंग्रजी परिच्छेद मराठीत समजावून सांगितला, हे गास-वाघोली-भुईगावच्या कोणत्याही वाडीत विचारून पाहावं. याला कुणी अडवणूक म्हणणार असेल तर हरकती मागवण्याचं कलम कायद्यातूनच काढून टाकावं आणि तसं उघड सांगावं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. केळीच्या चार बागा आणि मोगऱ्याचे वाफे वाचवण्यासाठी लाखो लोकांच्या घरांचा प्रश्न टांगून ठेवायचा का? या प्रश्नात दोन चुका आहेत. पहिली चूक हरित पट्टा म्हणजे काय याबद्दलची.

पश्चिम वसईची जमीन समुद्राच्या वाळूवर उभी आहे. पावसाचं गोडं पाणी या वाळूत मुरतं आणि खाऱ्या पाण्याच्या वर तरंगत राहतं. विहिरीतून जेवढं उपसावं तेवढं पावसाळ्यात पुन्हा मुरलं तर हा हिशेब जमतो. उपसा वाढला की खारं पाणी वर सरकतं आणि ती विहीर शेतीला आणि पिण्यालाही निकामी होते. हा हिशेब आपल्या वाडवडिलांनी बावखलांनी सांभाळला. घराचा पाया भरायला, वाडी उंच करायला माती खणली, त्या खड्ड्यात पावसाचं पाणी साठलं आणि पिढ्यान् पिढ्या साठत राहिलं. गिरिज, निर्मळ, नंदाखालच्या कोणत्याही जुन्या बावखलाच्या काठावर उभं राहून पाहावं. एका बाजूला नारळ आणि केळी, दुसऱ्या बाजूला अळूची पानं पाण्यापर्यंत आलेली, पाण्यावर हिरवं शेवाळ, मधूनच खंड्या सूर मारतो. जानेवारीत पाणी खाली जातं तेव्हा काठाच्या मातीत किती वर्षांच्या खुणा राहिलेल्या दिसतात. शेजारच्या विहिरीची पातळी या पाण्यावर ठरते. पावसाळ्यात आसपासच्या दहा घरांच्या अंगणातलं पाणी इथेच उतरतं. म्हणजे हे एकाच वेळी पाणीसाठा आहे, विहिरीचं पुनर्भरण आहे आणि पूर आवरण्याची व्यवस्थाही आहे. तिच्यासाठी पालिकेला आजवर निविदा काढावी लागली नाही.

1980 आणि 90च्या दशकांत नव्या इमारतींना पाणी नव्हतं. मग पश्चिमेच्या बागायतीतल्या विहिरींवर मोटारी लागल्या आणि टँकरच्या रांगा लागल्या. किनाऱ्यालगतच्या कितीतरी विहिरी त्यात खाऱ्या झाल्या. पानवेलीला खारं पाणी चालत नाही. राजेळी केळीला चालत नाही. आगाशीची सुकेळी ज्या राजेळीपासून होतात, तिचे मळे आज कुठे शोधायचे हे वसईकरालाच ठाऊक. तेव्हा हरित वसईनं टँकरविरुद्ध आवाज उठवला म्हणून 'हे लोक शहराला पाणी देत नाहीत' अशी ओरड झाली. पाणी पिण्यासाठी हवं, हे कोणी नाकारलं नव्हतं. मीठ झालेल्या विहिरीतून कुणालाच पाणी मिळत नाही, एवढंच म्हणणं होतं. आणि तसंच झालं.

बावखल भरण्याची पद्धत ठरलेली असते. आधी रात्री एका कोपऱ्यात डेब्रिज पडतं. काही दिवस कुणी काही बोलत नाही. मग मुरमाच्या गाड्या येतात. दोन पावसाळे गेले की तिथे पत्र्याचा गाळा उभा असतो, आणि पुढच्या जुलैत शेजारच्या आळीत गुडघाभर पाणी शिरलं की लोक नालेसफाईच्या नावानं बोटं मोडतात. 2018च्या जुलैत काय झालं ते आठवावं. 9 आणि 10 जुलैला वसई-विरार पाण्याखाली होतं. भाईंदर ते विरार रेल्वे बंद पडली, नालासोपाऱ्याजवळ अडकलेल्या गाडीतल्या प्रवाशांना आपत्ती दलानं बाहेर काढलं, मिठागरांत कामगार अडकले, वीज गेली ती बराच वेळ आली नाही. नंतर पालिकेनं नीरी आणि आयआयटी मुंबईला कारणं शोधायला सांगितलं. त्यांच्या उपायांत पावसाचं पाणी धरून ठेवणारे तलाव होते. पाणी धरून ठेवणारे तलाव! ज्या पट्ट्यात असे शेकडो खड्डे आधीपासून होते तिथेच आता कोट्यवधी खर्चून ते बांधायचे. प्रा. डाबरे आणि त्यांच्यासारखे शिक्षक तीस वर्षं हेच सांगत होते, फक्त त्यांच्याकडे आयआयटीचं पत्रशीर्ष नव्हतं.

दुसरी चूक घरांबद्दलची आहे, आणि तिच्याबद्दल मला सगळ्यात जास्त राग येतो. हरित पट्ट्यामुळे गरिबाला घर मिळत नाही हे खोटं आहे. 2011च्या जनगणनेत वसई-विरार महापालिकेची लोकसंख्या 12 लाखांवर होती. ही वस्ती झाली कुठे? बहुतांश रेल्वेच्या पूर्वेला आणि स्थानकांच्या आसपास, म्हणजे हरित पट्ट्याच्या बाहेर. तिथे कोणत्याही मास्तरांनी कुणाला अडवलं नाही. काय उभं राहिलं तिथे? नालासोपारा पूर्वेच्या अग्रवाल नगरीत सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमीसाठी आरक्षित जागेवर 41 इमारती उभ्या राहिल्या. त्या बांधताना कोणी थांबवल्या नाहीत. लोकांनी पै पै जमवून, कर्ज काढून घरं घेतली. मग जुलै 2024मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्या पाडायला सांगितल्या, सर्वोच्च न्यायालयानं दिलासा नाकारला आणि 2025च्या सुरुवातीपर्यंत सगळ्या इमारती पाडल्या गेल्या. अडीच हजारांच्या आसपास कुटुंबं रस्त्यावर आली. त्याच वर्षी, 26 ऑगस्टच्या रात्री, विरार पूर्वेच्या विजय नगरमधली रमाबाई अपार्टमेंट ही अनधिकृत इमारत कोसळली आणि 17 माणसं गेली. त्या रात्री त्या इमारतीत एका लहान मुलीचा वाढदिवस होता.

या लोकांची फसवणूक कुणी केली? केळीच्या बागेनं नक्कीच नाही. ज्या कागदावर आरक्षण लिहिलं होतं तो कागद कुणी वाचला नाही, किंवा वाचून बाजूला ठेवला. आरक्षित जागेवर इमारतीचा पाया खणला जात असताना एखाद्या मास्तरानं हरकत घेतली असती आणि ती ऐकली गेली असती, तर आज अडीच हजार कुटुंबं आपल्या नसलेल्या घराचे हप्ते भरत बसली नसती. गरिबांच्या घरांच्या नावानं हरित पट्ट्याला विरोध करणाऱ्यांनी आधी अग्रवाल नगरीतल्या लोकांकडे जावं आणि तिथे हा युक्तिवाद करून दाखवावा.

आणि त्या कचराभूमीचं काय झालं? आरक्षित जागा इमारतींनी गिळली, म्हणून शहराचा कचरा गोखिवऱ्याच्या भोयदापाड्यात, तुंगारेश्वरच्या डोंगराच्या पायथ्याशी साठत गेला. पश्चिमेची बाग आणि पूर्वेचं अरण्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं समजणाऱ्यांनी हा रस्ता एकदा पाहून यावा.

तुंगारेश्वर 2003 साली अभयारण्य झालं. सुमारे 85 चौरस किलोमीटरचं हे जंगल. कित्येक वसईकरांना ते फक्त श्रावणातल्या सोमवारी आणि चिंचोटीच्या धबधब्यापुरतं ठाऊक असतं. शहराला पाणी देणारं पेल्हार धरण याच डोंगरांच्या कुशीत आहे. वसई-विरारचं बहुतेक पाणी आता सूर्या धरणातून येतं, हे खरं. पण ते पाणी मूळचं डहाणू, पालघर, विक्रमगडच्या आदिवासी शेतकऱ्यांच्या सिंचनासाठी होतं आणि त्यांनी त्यावर वारंवार आवाज उठवलेला आहे. आपल्या डोंगरातलं पाणी राखायचं नाही, आपली बावखलं भरायची, विहिरी खाऱ्या करायच्या आणि मग दुसऱ्याच्या शेतातलं पाणी नळानं आणायचं, हा विकास कुणाचा?

तुंगारेश्वर दक्षिणेला नागला बंदरच्या बाजूनं संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला आणि पूर्वेला तानसा अभयारण्याला जोडलेलं आहे. बिबट्याच्या पावलांची ही वाट आहे. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा मार्ग या जंगलाच्या जमिनीतूनही जातो. महामार्ग आधीपासून पायथ्याशी आहे, आणि त्यात खदानी आणि गोदामांची भर पडली आहे. मार्च-एप्रिल 2024मध्ये एक बिबट्या वसईच्या किल्ल्यात तीन आठवड्यांहून जास्त काळ राहिला. रेल्वेमार्ग, शहर, खाडी असं सगळं ओलांडून तो कोणत्या वाटेनं आला असेल याचा विचार करावा. त्याला पिंजऱ्यात पकडून नेलं तेव्हा लोक सुटलो म्हणाले. त्यांची भीती खोटी नव्हती. पण जंगलाच्या वाटा तोडत गेलो तर हे पुन्हा होणार, आणि तेव्हा भीती वस्तीला वाटेल, डंपरला नाही.

तुंगारेश्वरवर कायदा कसा लागू होतो याचंही एक उदाहरण आहे. परशुराम कुंड परिसरातल्या आश्रमाची अनधिकृत बांधकामं सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं 2019च्या ऑगस्टअखेर पाडावी लागली. भाविकांना वेदना झाल्या आणि त्या खऱ्या होत्या. त्याच डोंगराच्या पायथ्याशी एखादी खदान नियम मोडते तेव्हा कायदा तितक्याच ताकदीनं पोचत नाही, हा लोकांचा राग मला मान्य आहे. पण त्याचं उत्तर खदानीवरही हरकत घेणं हे आहे. ते कुणी करायचं? पुन्हा तोच वाचणारा, लिहिणारा, मुदत पाळणारा माणूस.

आता तिसरा आक्षेप. शेतकऱ्यालाच जमीन विकायची आहे, मग तुम्ही कोण अडवणारे? हा आक्षेप बिल्डरच्या तोंडून आला तर मी त्याला किंमत देत नाही. पण तो वाडीच्या मालकाच्या तोंडून येतो तेव्हा तो ऐकून घ्यायला हवा. वाडी कसणं कठीण झालं आहे. मजूर मिळत नाहीत. पहिल्या गाडीनं दादरच्या बाजारात मोगरा आणि सोनचाफा नेणाऱ्या बायका थकल्या, त्यांच्या सुना अंधेरीत नोकरीला आहेत. विहीर खारी झाली. मुलगा वेगळं घर मागतो आणि हरित क्षेत्रात बांधकामावर मर्यादा आहेत. हरित वसईच्या बाजूनं बोलणाऱ्या आमच्यासारख्यांनी या तक्रारीकडे पुरेसं लक्ष दिलं नाही, हा आरोप केला तर तो मी मान्य करीन. कुटुंबाच्या वाढत्या गरजेपुरतं, बैठं किंवा एकमजली घर वाडीतच बांधता आलं पाहिजे. बावखल राखणाऱ्या मालकाला घरपट्टीत सवलत मिळाली पाहिजे, कारण तो शहराचं काम करतो आहे. पण यातून टॉवरला परवानगी द्या असा निष्कर्ष निघत नाही. भावाला घर बांधता यावं म्हणून केलेली तरतूद आणि अख्खी वाडी विकत घेऊन सात मजले चढवणाऱ्यासाठी केलेली तरतूद यांत फरक आहे, आणि तो फरक सातबारावरच्या नावात दिसतो. 'स्थानिकांच्या हितासाठी' म्हणून चटईक्षेत्र वाढवून मागणाऱ्या प्रत्येकानं आधी आपलं नाव त्या सातबारावर कधीपासून आहे ते दाखवावं.

काही जण याहून खालच्या पातळीवर उतरतात. हरित पट्टा हा ख्रिस्ती वाड्यांचा हट्ट आहे असं सांगतात. हे द्वेष पेरणं आहे आणि त्याला दुसरं नाव देऊ नये. या पट्ट्यात सामवेदी ख्रिस्ती आहेत तसे सामवेदी ब्राह्मण आहेत, वाडवळ आहेत, पानमाळी आहेत, आगरी, कोळी, भंडारी आहेत. निर्मळच्या तळ्याकाठी शंकराचार्यांची समाधी मानली जाते, तिथली यात्रा सगळ्या तालुक्याची असते. विहिरीचं पाणी खारं होतं तेव्हा ते मालकाचा धर्म विचारत नाही. 2009 साली चार नगरपालिका आणि गावं एकत्र करून महापालिका झाली. ती गावांना नको होती, तेव्हा रस्त्यावर उतरलेल्यांत सगळ्या जातीधर्मांचे लोक होते. 2011 साली सरकारनं 29 गावं वगळण्याचा निर्णय घेतला तो या सगळ्यांच्या दबावानं.

चळवळीनं साधलं काय, असंही विचारलं जातं. विरारहून दक्षिणेकडे येताना लोकलच्या पश्चिमेच्या खिडकीतून आणि मग पूर्वेच्या खिडकीतून पाहावं. पूर्वेला इमारतींची भिंत डोंगरापर्यंत गेली आहे. पश्चिमेला इमारतींची पहिली रांग संपली की अजून नारळाचे शेंडे दिसतात. ते आपोआप राहिलेले नाहीत. तीन दशकं कुणीतरी हरकती लिहिल्या, न्यायालयात उभं राहिलं, धमक्या ऐकल्या, म्हणून ते आहेत. जेवढं राहिलं ते पुरेसं नाही हे मी मानतो. त्याचा दोष मात्र ज्यांनी वाचवलं त्यांच्यावर टाकणं अन्याय आहे.

सिडकोनं केलेला आणि 2007 साली मंजूर झालेला आराखडा 2021पर्यंतचा होता. त्याच्या पुढचा आराखडा येतो तेव्हा त्याच्याकडून तीन गोष्टी मागायला हव्यात. प्रत्येक बावखलाचा सर्वे नंबर त्यात पाण्याची जागा म्हणून नोंदलेला असावा, वाडीचा मोकळा तुकडा म्हणून नको. पेल्हारच्या पाणलोटात आणि भोयदापाड्याच्या आसपास नवं बांधकाम आणि नवी खदान होऊ नये. आणि हरकतींच्या सुनावण्या वसईतच, रविवारी, मराठीतल्या नकाशांवर व्हाव्यात, म्हणजे शाळा-कॉलेजातल्या शिक्षकांना रजा टाकावी लागणार नाही आणि वाडीतल्या बाईला दादरच्या बाजारातून परत आल्यावर तिथे हजर राहता येईल.